डब्यातली नाणी कोणासाठी?



जुलै महिन्यातल्या एका संध्याकाळी, पाऊस धो धो कोसळत असताना, आपल्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध गृहस्थ धर्मगुरुनिवासात आले. छत्री उलटी झालेली, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. पण छातीशी धरलेली पिशवी मात्र कोरडी ठणठणीत. पिशवीत पिशवी, तिच्यात टॉवेल आणि टॉवेलात तीन आल्बम व एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. ते सारे टेबलावर मांडून ते म्हणाले, "फादर, माझं वय आता ८१. ही माझी ४० वर्षांची नाणी. मुलांसाठीच जमवली. पण तिघांपैकी कोणाला द्यायची ते तुम्ही सांगा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत."

(त्यांना विचारूनच हे लिहीत आहे. कोणी ओळखलेच तर आपल्यापाशीच ठेवावे.)

आजचे शुभवर्तमान आपण आता ऐकणारच आहात (लूक १२:१३-२१). गर्दीतला एक माणूस प्रभू येशूला नेमके हेच सांगतो की, माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. आणि प्रभू ते काम चक्क नाकारतो. जे काम प्रभूने अंगावर घेतले नाही ते मी कसे घेऊ? मी त्यांना चहा दिला आणि म्हटले, "वाटणीचं नंतर बघू. आधी नाणी तर दाखवा."

पुढचे दोन तास कसे गेले कळले नाही. चवल्या, पावल्या, अधेल्या. १९४३ पासूनचा भोकाचा पैसा. १९५७ च्या एप्रिलमध्ये रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे झाले तेव्हाची नाणी, आणि १९६४ साली त्यातला 'नवा' हा शब्द गळून पडला तेव्हाचीही. ॲल्युमिनियमचे षटकोनी तीन पैसे, जे लहानपणी माझ्या हातात आले की वाटायचे, तीनच का? कमळाचे पिवळे वीस पैसे. केरळच्या संत अल्फोन्सा यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २००९ साली निघालेले पाच रुपयांचे नाणे आणि त्यानंतर २०१० सालचे मदर तेरेसांचे. ज्या नाण्यावर क्रूस आहे असे म्हणून वाद झाला होता, ते २००५ नंतरचे दोन रुपयांचे नाणेही होते. त्या वादाच्या वेळी मला वाटले होते की, आपण रोज नाणी हाताळतो पण त्यावर काय आहे ते कोणी तरी ओरडल्याशिवाय पाहत नाही.

एका रुपयापाशी आल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. १९११ सालचा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. राजाच्या झग्यावर एक छोटासा हत्ती कोरलेला आहे. पण सोंड इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर वाटले. सरकारने डुक्कर कोरले म्हणून लोक खवळले, आणि १९१२ च्या रुपयावर हत्ती नीट दिसेल असा कोरावा लागला. त्यामुळे १९११ चा रुपया हौशी लोक शोधत असतात. यांनी तो मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर बसणाऱ्या एका विक्रेत्याकडून घेतला होता. त्या महिन्यात मुलीला सायकल घ्यायची ठरली होती. सायकल पुढच्या वर्षावर गेली, पुढच्या वर्षी घराचे पत्रे बदलायचे निघाले आणि मग ती राहूनच गेली. मुलगी रोज शाळेत चालत गेली.

हे सांगून ते गप्प झाले. मीही काही बोललो नाही. 'मुलांसाठीच जमवली' हे वाक्य अजून टेबलावर, त्या आल्बमशेजारीच पडले होते.

बंधु-भगिनींनो, माझा प्रश्न इथून सुरू होतो. आपण 'मुलांसाठी' म्हणतो तेव्हा नेमके कोणासाठी करत असतो? नाणी सोडा, जमीन, फ्लॅट, सोने, बँकेतल्या ठेवी, सगळ्यांना हा प्रश्न लागू आहे. पण नाण्यांत तो जास्त स्पष्ट दिसतो, कारण जमवलेली नाणी कोणाच्या पोटात जात नाहीत की कोणाला आसरा देत नाहीत. चालते नाणे बाजारात फिरते. संग्रहातले नाणे थांबलेले असते. ते थांबवायचे तर कारण हवे, आणि 'मुलांसाठी' हे कारण असे आहे की त्यावर कोणी शंका घेत नाही. बायकोसुद्धा नाही. हौस माझी, आणि नाव मुलांचे!

हौस वाईट नव्हे. देवाने माणसाला जसे हात दिले तसे कुतूहलही दिले. नाणकशास्त्राचा पाया ज्यांनी घातला असे मानतात ते १८ व्या शतकातले योसेफ एकहेल हे व्हिएन्नाचे येशूसंघीय धर्मगुरू होते. १७७३ साली येशूसंघ बरखास्त झाला तेव्हा त्यांचा संघ गेला, नाणी राहिली. पुढची वर्षे त्यांनी प्राचीन नाण्यांवर आठ खंड लिहिण्यात घालवली. तेव्हा नाणी पाहणाऱ्याला कोणी लोभी म्हणू नये. हरवलेल्या नाण्याचा दाखला (लूक १५) मला वाटते आपल्या या गृहस्थांना माझ्यापेक्षा चांगला कळत असेल. आल्बममध्ये नऊ खाने भरलेले आणि एक रिकामा असला की नजर त्या रिकाम्या खान्यावरच जाते. त्या बाईचेही तसेच झाले. पण त्या दाखल्यातली एक गोष्ट आपण घाईत वाचतो. नाणे सापडल्यावर ती ते गुपचूप गाठीला बांधत नाही. दार उघडून शेजारणींना हाक मारते.

आजच्या शुभवर्तमानातल्या श्रीमंत शेतकऱ्याला शेजारीच नाहीत. तो बोलतो तेही स्वतःच्या जिवाशी. म्हणून देव त्याला विचारतो की हे सारे आता कोणाचे होणार, तेव्हा त्याच्याजवळ उत्तर नाही. पहिल्या वाचनात उपदेशकाचेही तेच दुखणे आहे. आयुष्यभर अक्कलहुशारीने खपायचे आणि ज्याने बोटही हलवले नाही त्याच्या हवाली करून जायचे. उपदेशक याला व्यर्थ म्हणतो. मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना हे वाचून मला तो कडवट वाटायचा. आता चाळिशी उलटल्यावर तो फक्त प्रामाणिक वाटतो.

मी त्या गृहस्थांना विचारले, "मुलांना हा संग्रह ठाऊक आहे?" ते म्हणाले, "आहे, पण काय काय आहे ते नाही. कपाटाला कुलूप असतं. मी गेल्यावर एकदम कळेल, तेव्हा त्यांना कौतुक वाटेल."

मी गेल्यावर! जमिनीत पुरलेली जुनी नाणी कुठे तरी सापडल्याची बातमी आपण अधूनमधून वाचतो. शेत नांगरताना, घराचा पाया खणताना हंडा निघतो. (कोणाच्या वाडीत निघालाच तर १८७८ चा कायदा आहे, कलेक्टरला कळवावे लागते. देवळात दान करतो म्हणून माझ्याकडे घेऊन येऊ नये.) वाचणाऱ्याला वाटते, काय नशीब! मला मात्र नेहमी पुरणारा आठवतो. लढाई, लूट किंवा रोगाच्या भीतीने त्याने ते पुरले असेल. परत येईन म्हणून पुरले असेल. तो परत आला असता तर आपल्याला काही सापडलेच नसते. त्याने मुलाला जागा सांगितली असती तरीही नसते. सापडलेला हंडा म्हणजे बहुधा कोणाच्या तरी वारसांपर्यंत न पोहोचलेला वारसा. एक तालांत मिळालेल्या दासानेही भीतीपोटीच खड्डा खणला होता. आपल्या या गृहस्थांचा खड्डा गोदरेजच्या कपाटात आहे, इतकाच फरक.

इथे एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. डेन्मार्कमध्ये लार्स एमिल ब्रुन नावाचे लोण्याचे बडे व्यापारी होते. नाण्यांचे वेड लहानपणापासूनचे. जमवता जमवता नाणी, नोटा, पदके मिळून सुमारे २०,००० वस्तू झाल्या. पहिल्या महायुद्धातला विध्वंस त्यांनी पाहिला आणि मृत्युपत्रात लिहिले की माझा संग्रह १०० वर्षे तसाच सांभाळावा. का, तर देशाच्या सरकारी संग्रहावर बॉम्ब पडला किंवा तो लुटला गेला तर हा त्याची जागा घेईल. १०० वर्षांत तसे काही झाले नाही तर तो विकावा आणि पैसे माझ्या वंशजांना द्यावेत. ब्रुन १९२३ साली वारले. दुसरे महायुद्ध झाले, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात गेला आणि सुटला. सरकारी संग्रह शाबूत राहिला. १०० वर्षे पुरी झाली आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कोपनहेगनला पहिला लिलाव झाला. पैसे ज्यांच्यासाठी ठेवले होते त्यांतले कित्येक मृत्युपत्र लिहिले तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

या माणसाबद्दल माझे मन अजून ठरत नाही. देशाचा विचार त्याने वारसांच्या आधी केला, हे मला आवडते. वारसांना 'विका' असे स्पष्ट सांगितले, 'माझी आठवण म्हणून जपा' अशी बेडी घातली नाही, हे तर फारच आवडते. पण त्याच्या स्वतःच्या मुलांचे काय? बापाने ज्यात जीव ओतला ते सगळे १०० वर्षे कुलपात. नाणे तळहातावर ठेवून त्याची गोष्ट सांगायला आजोबा कुठे होते? ब्रुनच्या उलट इटालियन कवी पेत्रार्क. १३५४ साली मान्तुआ येथे सम्राट चौथ्या चार्ल्सला भेटला तेव्हा त्याने आपल्या संग्रहातली काही रोमन नाणी त्याच्या हातावर ठेवली आणि त्यांवरचे चेहरे कोणाचे, त्यांनी काय केले, हे सांगितले. आपण कोणाच्या गादीवर बसला आहात ते पाहा, असा त्यात भाव होता. थोडीच नाणी, पण हातातून हातात आणि तोंडाने सांगून.

ॲरिस्टॉटलने एक प्रश्न विचारून ठेवला आहे. मेलेल्या माणसाच्या सुखाला त्याच्या मुलाबाळांच्या बऱ्यावाईटाने काही फरक पडतो का? त्याचे उत्तर असे की थोडा पडत असेल, पण त्याचे झालेले सुख पुसून जाईल इतका नाही. वर्गात हे ऐकताना मी वहीत लिहून घेतले आणि विसरलो. ते आठवले २०१२ साली.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. चामड्याच्या पिशवीत दिवसभराची चिल्लर यायची. संध्याकाळी भरणा करण्याआधी एखादे वेगळे नाणे दिसले तर तितकेच पैसे खिशातले टाकून ते नाणे घरी आणायचे. एकदा रात्रीच्या गाडीत एका म्हातारीने कनवटीची सगळी चिल्लर त्यांच्या हातावर ओतली. त्यात एक भोकाचा पैसा होता, केव्हाच बंद झालेला. बाबांनी तो पाहिला, तिला तिकीट फाडून दिले आणि कमी पडलेले पैसे स्वतः घातले. एवढी एकच गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. बाकीच्या नाण्यांच्या गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या. त्याच डब्यात माझ्या आजीकडून आलेले ११ राणीछाप रुपयेही होते, प्रत्येक बरोबर एक तोळ्याचा.

बाबा गेले. महिन्याच्या मिस्साला घरी गेलो आणि डबा मागितला. भाऊ म्हणाला, राणीछाप सोनाराला दिले, वजनावर. बाकीची नाणी पोरांनी व्यापार खेळायला घेतली होती. मी, दर रविवारी अनासक्तीवर प्रवचन करणारा, तीन महिने भावाशी धड बोललो नाही. फोन आला तर "बरं आहे" एवढेच. मग एकदा तोच येऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "बाबांच्या शेवटच्या दहा दिवसांचं बिल कोणी भरलं ते तू विचारलंस? ती चांदी त्यांच्यासाठीच गेली. ठेवा, विकू नका, असं बाबा तुला बोलले होते का? मला तरी नव्हते बोलले."

मला ते काहीच बोलले नव्हते. ती नाणी जपायची ही इच्छा बाबांची होती की माझीच मी त्यांच्या नावावर खपवत होतो? बाप 'मुलांसाठी' म्हणून जमवतो, आणि मुलगा 'बाबांसाठी' म्हणून हक्क सांगतो. दोघेही दुसऱ्याच्या नावाची सही करतात. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की वस्तू सांभाळायला आपल्या म्हणाव्यात, पण वापराच्या वेळी गरज असलेल्याला द्यायला मन तयार असावे. भावाने तेच केले होते. त्याने थॉमस वाचला नव्हता. मी वाचला होता.

त्या दिवशी निघताना पुतणीने व्यापाराच्या खोक्यातून तो भोकाचा पैसा काढून मला दिला. तिला त्याची गोष्ट मी सांगितली. आता तिला ठाऊक आहे.

पण याचा अर्थ सगळेच सोनाराकडे द्यावे असाही मी काढत नाही. विकण्याचा हक्क वारसाला आहे. पण काय विकतो आहोत हे जाणून घेण्याचे ऋणही त्याच्यावर आहे. न पाहता वजनावर देणे आणि न पाहता कुलपात ठेवणे, दोन्हीत पाहणे राहूनच जाते. आणि मुलाने पाहावे असे वाटत असेल तर बापाने दाखवायला हवे. ज्याला नाण्यांत रस नाही त्याला तो मृत्युपत्राने लावता येत नाही.

त्या गृहस्थांशी मग व्यवहाराचेही बोललो. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे आपल्या ख्रिस्ती कुटुंबात पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना सारखे, मुलगा-मुलगी असा भेद नाही. मृत्युपत्र करायचे तर दोन साक्षीदार हवेत. कॅनडातल्या मुलाला सगळे पाठवायचा विचार असेल तर तो सोडावा, कारण १०० वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असे निरोप मोबाइलवर येतात त्यांना भुलू नये. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली त्याबद्दल सावध केले आहे. आणि सणाच्या आधी घरची तांब्याची भांडी चिंचेने घासतात तशी नाणी घासू नयेत, किंमत जाते. हे शेवटचे त्यांनीच मला सांगितले. त्यांच्या सुनेने एकदा चांगुलपणाने ११ नाणी लख्ख करून ठेवली होती!

कोणाला द्यायची, या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. एवढेच म्हटले, "कुलूप काढा. एका वहीत प्रत्येक नाण्यापुढे लिहा, कुठून आलं, कधी, केवढ्याला. १९११ च्या रुपयापुढेही लिहा."

"सायकलचं?"

"सायकलचं."

ते बराच वेळ पावसाकडे पाहत बसले. मग पिशवीत पिशवी घालून गेले.

गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ते पुन्हा आले. त्यांनी मुलीला घरी बोलावून वही वाचायला दिली होती. तीही आता पन्नाशीच्या पुढची आहे, दोन मुलांची आई. तिने ते पान वाचले आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं, बाबा. आईने तेव्हाच सांगितलं होतं." यांना काय बोलावे सुचेना. नाणे विकून तिला पैसे देतो, असे काही तरी ते बोलू लागले. तिने ऐकून घेतले नाही. इतक्या वर्षांत तिने तो रुपया एकदाही पाहिला नव्हता. तिने आल्बम ओढून घेतला, भिंग मागितले आणि खिडकीपाशी उजेडात जाऊन म्हणाली, "यात हत्ती कुठला, बाबा? मला तर डुक्करच दिसतंय."